अमावास्येचा वाटा

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी माझा ग्रह हरवला, आणि तोही माझ्या हातात करंजी असताना.

चिलीतल्या वेधशाळेचा निरोप चार ओळींचा होता. ‘तुम्ही जाहीर केलेला ग्रह आम्ही दोन हंगाम शोधला. तुम्ही म्हणता तेवढा मोठा असेल तर आमच्या यंत्राला तो सहज सापडायला हवा. सापडत नाही. आपण आपल्या नोंदी पुन्हा एकदा पाहाल का?’ भाषा अतिशय सभ्य. सभ्य माणसं चार ओळींत जेवढं वाटोळं करतात तेवढं भांडखोरांना चार पानांतही जमत नाही. मी करंजी ताटलीत ठेवली आणि घरभर फेऱ्या मारायला लागले. मला स्वस्थ बसता येत नाही. आई म्हणते, पाळण्यातही येत नव्हतं.

दहिवडीच्या एसटी स्टँडवर अजून माझा फ्लेक्स होता. ‘दहिवडीची सुकन्या डॉ. वृषाली काळेल हिने शोधला नवा ग्रह!’ शेजारी कडेवाल्या शनीचं चित्र, कारण फ्लेक्सवाल्याकडे तेवढाच एक ग्रह होता. उन्हाने माझा चेहरा निळा पडला होता, शनी मात्र तसाच चकचकीत. उद्या हा फ्लेक्स उतरवायला कोण जाणार?

आधी एक सांगते. तो ग्रह मी कधी पाहिलेला नाही. असे ग्रह सहसा दिसत नाहीत, कळतात. आई आणि लहान पोर फुगडी खेळताना पाहा. पोर गरगर फिरतं, पण आईलाही जागच्या जागी थोडं डुलावं लागतं. ग्रह हे पोर आणि तारा ही आई. पोर इतकं लांब आणि अंधारात की नजरेला पडत नाही, आई मात्र लख्ख दिसते. म्हणून आम्ही आईचं डुलणं मोजतो. ताऱ्याचा उजेड फोडून त्याचा रंगीत पट्टा पसरला की त्यात बारीक काळ्या रेघा दिसतात. तारा आपल्याकडे सरकला की रेघा निळ्याकडे ढळतात, लांब गेला की तांबड्याकडे. शिंगणमाळच्या पठारावरच्या आमच्या यंत्राने एका जवळच्या लालसर ताऱ्याचं डुलणं पकडलं होतं. वेग किती, तर माणूस रमतगमत चालतो तेवढा. त्यावरून ग्रहाचं वजन काढलं. पृथ्वीच्या चौपट-पाचपट, म्हणजे बहुधा जाड वायूच्या गोधडीत गुंडाळलेला गोळा. एक फेरी साधारण महिन्याची.

आणि आता चिलीवाले म्हणत होते, आई डुलतच नाही.

नाचता येईना अंगण वाकडं, असं त्यांच्याबद्दल म्हणून मोकळं होता आलं असतं. पण त्यांचं अंगण चांगलं सपाट होतं, हे मला माहीत होतं.

आबा, म्हणजे माझे वडील, बाहेर टँकरला झेंडूचा हार घालत होते. आमच्या यंत्राला द्रवरूप नायट्रोजन लागतो. यंत्र भयंकर गार आणि सदैव एकसारखं गार ठेवावं लागतं, नाहीतर आतली धातूची बैठक किंचित अंग सैल करते आणि ताऱ्याने पाऊल उचलल्यासारखं भासतं. तो नायट्रोजन आबा रोज सकाळी लोणंदच्या प्लांटवरून भरून नागझरी घाटाने पठारावर आणत. हमरस्त्यावर आता बिनचालकाच्या गाड्या धावतात, पण त्या आमच्या घाटाच्या पायथ्याशी येऊन मुकाट उभ्या राहतात. तिथून वर माणूसच लागतो.

“आबा, आज सुट्टी घेतलीत ते बरं केलंत,” मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. “दिवाळी रोज येत नाही.”

“दिवाळीचं काय घिऊन बसलीस?” आबा हाराची गाठ मारत म्हणाले. “पाडव्याला जातोयच की. आज अमावास्या हाय.”

मी हो म्हणून आत वळले. हे मला ठाऊकच होतं. सोमनाथदादा, माझा मोठा भाऊ, नागझरी घाटात अमावास्येला गेला, तेव्हापासून बारा वर्षं आमच्या दारातली गाडी अमावास्येला हलत नाही. सूर्य पूर्वेला उगवतो हे जसं माहीत असतं तसं ते माहीत होतं.

उंबऱ्यातच माझे पाय थांबले.

स्वयंपाकघरातल्या भिंतीवर कॅलेंडर होतं. दर महिन्याला एक काळा ठिपका. मी मोबाइलवर ताऱ्याच्या डुलण्याचा आलेख उघडला आणि पानं मागे उलटत गेले. भाद्रपदातला ठिपका, मग पावसाळ्यात दुर्बीण बंद असते ते महिने सोडून वैशाख, चैत्र. प्रत्येक ठिपक्यानंतर ताऱ्याने निमूट पाऊल मागे घेतलं होतं. घरभर फेऱ्या मारून झाल्या होत्या आणि कळसा काखेत होता.

“काय गं, पांढरी फटक पडलीस?” आईने विचारलं.

“काही नाही,” मी म्हणाले आणि करंजी उचलून तशीच गिळली.

*

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी पठारावर गेले. आमच्या प्रमुख डॉ. नसीम मुजावर यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“चंद्राचा संशय आपल्याला आला होता, वृषाली,” त्या शेवटी म्हणाल्या. “महिन्याची फेरी म्हटल्यावर कुणालाही येईल. पण आपण तो पौर्णिमेवर घेतला. चांदणं दुर्बिणीत शिरत असेल म्हणून. अमावास्येकडे कोण संशयाने बघतं?”

ते खरंच होतं. अमावास्या म्हणजे आमची दिवाळी. आकाश सर्वांत काळं, मोजणी सर्वांत स्वच्छ. त्या रात्रींवर आमचा सगळ्यांत जास्त भरवसा. आणि नेमकी त्याच दिवशी, गाडी न आल्याने, टाकी अर्धी असायची. वरच्या अंगाला यंत्र तापायचं, अंशाच्या हजाराव्या भागाइतकं, आणि मग आठवडाभर सावकाश निवत बसायचं. चुका गाळायला आमच्याकडे ‘चाळण’ नावाची हुशार संगणकप्रणाली होती. ती शंभर गोष्टी पाहून शंभर दुरुस्त्या करायची. पण तिचे तापमापक कॅमेऱ्यापाशी होते आणि तापायचा तो वरचा कोपरा.

मी कँटीनच्या विठोबाला विचारलं, गाडी अमावास्येला येत नाही हे तुम्ही कधी कुणाला सांगितलं नाहीत? तो माझ्याकडे पाहतच राहिला.

“मॅडम, अमावास्येला गाडी येत न्हाय, ह्ये काय सांगायची गोष्ट हाय व्हय?”

पठारावर सगळ्यांना माहीत होतं. वेधशाळेच्या पुण्याच्या कार्यालयात कुणालाच नव्हतं. मी दोन्हीकडची, म्हणून मला माहीत असूनही नव्हतं.

“आता दोन शक्यता,” डॉ. मुजावर म्हणाल्या. “एक, ग्रहबिह काही नाही, सगळा नायट्रोजनचा खेळ. दोन, ग्रह आहे, पण त्याची फेरी नेमकी चांद्रमासाच्या जवळची आहे. नुसतं बघत बसलो तर दोन्ही वेगळे व्हायला आठ-नऊ वर्षं लागतील. आपल्याकडे फेब्रुवारीपर्यंत वेळ आहे.”

फेब्रुवारीचं असं होतं. अंतराळात नवी मोठी दुर्बीण गेली होती. उन्हात बघताना आपण सूर्यावर हात आडवा धरतो, तशी ती ताऱ्यापुढे एक तबकडी धरते आणि शेजारच्या ग्रहाचा मिणमिणता उजेड वेगळा टिपते. त्या उजेडावरून तिथल्या हवेत पाणी आहे का, प्राणवायू आहे का, ते कळतं. जगभरचे लोक तिच्या दारात रांगेत उभे. रांगेच्या शेपटाला का होईना, आमच्या ग्रहाला जागा मिळाली होती. फेब्रुवारीअखेर ‘ग्रह आहे’ असं आम्ही सहीनिशी कळवायचं. नाही म्हटलं तर जागा गेली. हो म्हटलं आणि तिथे काहीच नसलं, तर शिंगणमाळच्या यंत्रावर पुन्हा कुणी विश्वास ठेवला नसता.

“सोपं आहे,” मी म्हणाले. “येत्या तीन अमावास्यांना टाकी भरायची. डुलणं थांबलं तर ग्रह नाही. राहिलं तर आहे.”

“सोपं?” डॉ. मुजावरांनी चष्मा काढला. “तुझ्या वडिलांना तू सांगणार आहेस का?”

*

मी जेवताना सांगितलं. सांगायची ती वेळ नव्हती, पण मला धीर कुठला?

“न्हाय,” आबा म्हणाले आणि भाकरी मोडली.

“आबा, तीनच वेळा.”

“एकदा बी न्हाय.”

“पण का? दिवसाउजेडी जायचं, दिवसाउजेडी यायचं. आकाशात चंद्र नाही म्हणून घाटातला रस्ता बदलतो का?”

आबांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. मग माझा तोल गेला. “बारा वर्षं एका काळ्या ठिपक्याला भिऊन बसलात तुम्ही आणि तुमच्यापायी माझा ग्रह गेला! जगभर माझं हसं होणार आहे, कळतंय का?”

आईने माझ्या ताटात आमटी वाढली. मी मागितली नव्हती. मी बोलले त्याची मला तिथल्या तिथे लाज वाटली. पण शब्द गेले ते गेले.

“ठीक आहे,” मी आवाज उतरवून म्हणाले. “तुम्ही नका येऊ. मॅडमनी प्लांटवरचा दुसरा चालक ठरवलाय. नीलेश म्हणून आहे. तो तुमची गाडी नेईल, चालेल ना?”

आबांनी वर पाहिलं. “वय काय त्याचं?”

“असेल पंचवीस-सव्वीस.”

“आई-बाप हायती?”

“असतील की. मला काय माहीत!”

आबा उठले, हात धुतले आणि अंगणात जाऊन टँकरच्या चाकापाशी बसले. दादा गेला तेव्हा सव्वीसचा होता, हे मला त्या वेळी आठवलंसुद्धा नाही.

*

कार्तिकातल्या अमावास्येला सकाळी हॉर्न वाजला म्हणून मी बाहेर आले. नीलेश मोटरसायकल फाटकाशी लावून गोंधळून उभा होता. टँकरचं इंजिन चालू आणि आबा स्टिअरिंगवर.

“तू घरी जा,” ते त्याला म्हणत होते. “आन आईला सांग, आज अमावास्या हाय म्हून बसलोय.”

“पण काका, मला वरून फोन...”

“वरच्यांचं मी बघतो. दुसऱ्याचं पोरगं घाटात घालून मी हितं च्या पीत बसू व्हय? जा म्हणतो ना!”

नीलेश गेला. मी धावत जाऊन दुसऱ्या बाजूने केबिनमध्ये चढले. आबांनी मला उतर म्हटलं नाही. आईने खिडकीतून डबा दिला, दोघांच्या भाकरीचा. बारा वर्षांत अमावास्येच्या सकाळी तिने प्रथमच डबा बांधला होता.

“सावकाश जावा,” एवढंच ती म्हणाली.

लोणंदला टाकी भरून आम्ही घाटाला लागेपर्यंत आबा एक अक्षर बोलले नाहीत. त्यांचे हात स्टिअरिंगवर घट्ट आवळलेले होते. मी तीनदा बोलायला तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. मला गप्प बसण्याची सवय नाही, त्यामुळे घाट मला फार लांब वाटला.

कड्याच्या वळणावर त्यांनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. खाली दरीत बाभळी होत्या, ऊन पडलं होतं, एक मेंढरांचा कळप चालला होता. बाकी काही नव्हतं.

“हितंच,” आबा म्हणाले.

“माहीत आहे, आबा.”

“तुला काय म्हाईत न्हाय. तू पुण्याला व्हतीस.” ते समोरच्या काचेतून बघत राहिले. “त्या दिवशी तुझी आय म्हणली, आज अमावास्या हाय, पोराला उद्या जाऊ द्या. मी हसलो. चांगला मोठ्यानं हसलो. म्हणलं, ट्रकला काय ठाव, आज कंचा दीस? सोमनाथ बी हसला. आमी दोघं बापलेक हसत व्हतो आन ती दारात उभी. हसतच गाडी काढली त्यानं.”

आमच्या घरात अमावास्या मानणारे आबा आहेत, असं मी आयुष्यभर धरून चालले होते. ते तर माझ्यासारखे होते. माझ्याहून मोठ्याने हसणारे.

“ब्रेकची नळी फुटली होती, आबा. चौकशीत आलं होतं.”

“ठाव हाय की. ठाव असून काय करू? तुझी आय आजवर एका शब्दानं बोलली न्हाय मला. बोलली असती तर बरं झालं असतं. अमावास्या आली की मला त्ये माझं हसनं ऐकू येतं, बाय. गाडीत बसलं की लईच.”

मी त्यांचा हात धरला. स्टिअरिंगवरून तो सुटायला वेळ लागला. मी रडले आणि आबा मेंढरं दिसेनाशी होईपर्यंत तिकडे बघत राहिले. मग त्यांनी किल्ली फिरवली.

“चल. तुझी टाकी निवाया लागली असंल.”

“टाकी तापते, आबा.”

“त्येच की,” ते म्हणाले.

*

त्या अमावास्येला टाकी भरली आणि ताऱ्याने पाऊल मागे घेतलं नाही. आलेखातला तो ठसठशीत खड्डा नाहीसा झाला. मी घुमटाभोवती इतक्या फेऱ्या मारल्या की विठोबाने विचारलं, मॅडम, नवस केलाय का? नवसच बाकी होता. मार्गशीर्षात तेच, खड्डा नाही. मी राजीनाम्याचा मजकूर मनात लिहून ठेवला. फ्लेक्स मी स्वतः उतरवायचा, असंही ठरवलं.

पौषातली अमावास्या उलटल्यावर डॉ. मुजावरांनी मला खोलीत बोलावलं. त्यांनी तीनही महिन्यांची मोजणी एकावर एक रचली होती.

“चालणारा माणूस गेला,” त्या म्हणाल्या.

“माहीत आहे.”

“बस आधी. आणि नीट बघ. चालणारा गेला, पण कुणीतरी रांगतंय.”

मी वाकून पाहिलं. सपाट वाटणाऱ्या रेघेला अगदी हलकी लय होती. वर, खाली, पुन्हा वर. वेग किती, तर बाळ रांगतं तेवढा. टाकी रोज भरलेली, यंत्र जागच्या जागी गार, तरीही तारा डुलत होता. जो मोठा धक्का आम्ही ग्रहाचा समजत होतो त्यात तीन हिस्से आमच्या अर्ध्या टाकीचे होते. चौथा हिस्सा खरा होता. एवढं हलकं डुलणं चिलीच्या यंत्राला दिसणं शक्यच नव्हतं.

मी खुर्चीत बसले. बहुतेक त्या महिन्यात पहिल्यांदाच बसले असेन.

“वृषाली, वजन पुन्हा काढलंस का मनात?”

काढलं होतं. डुलणं चौथ्या हिश्श्याचं, तर ग्रहही चौथ्या हिश्श्याचा. पृथ्वीपेक्षा जेमतेम थोडा जड. वायूची गोधडी सांभाळायला फार हलका. म्हणजे दगडाचा. पाय टेकता येईल अशी जमीन असलेला. गेली दोन वर्षं आम्ही जगाला एक फुगलेला गोळा दाखवत होतो आणि त्याच्या आत ही जमीन होती.

चूक जाहीर करावी लागणार होती आणि ती मीच जाहीर केली. लिहायला बसले तेव्हा एका वाक्यापाशी अडले. यंत्र महिन्यातून एकदा का तापत होतं, त्याचं कारण द्यायचं होतं. ‘पुरवठ्यातील खंड’ असं लिही, डॉ. मुजावर म्हणाल्या, ते पुरे आहे. पण चिलीवाल्यांनी पुन्हा सभ्यपणे विचारलंच, खंड नेमका दर महिन्याला कसा? दिवाळीत मला कुणी विचारलं असतं तर मी अंधश्रद्धा हा शब्द वापरून मोकळी झाले असते. आता लिहिलं, ‘नायट्रोजन आणणाऱ्या चालकाच्या घरी त्या दिवशी दुखवटा असतो.’ त्यावर त्यांनी काही विचारलं नाही. जमीन असलेला ग्रह म्हटल्यावर अंतराळातल्या दुर्बिणीवाल्यांनी मात्र आम्हाला रांगेच्या शेपटावरून उचलून पुढे घेतलं.

*

माघातल्या अमावास्येला मी पुन्हा आबांच्या शेजारी केबिनमध्ये होते. तीन अमावास्यांची परीक्षा संपली होती. आता ते आले नसते तरी आम्ही दुसरी सोय केली असती, आणि तसं मी त्यांना सांगितलंही होतं. तरी सकाळी हॉर्न वाजला. आई डबा घेऊन उभीच होती.

वळणावर त्यांनी गाडी कडेला घेतली. प्रत्येक अमावास्येला घेतात. त्या थांबण्याने टाकी भरायला जो उशीर होतो त्याची दुरुस्ती मी चाळणीत घालून ठेवली आहे.

“मग ऱ्हायला का गेला तुझा ग्रह?” आबांनी विचारलं. “आय म्हणत व्हती, ल्हान झाला.”

“राहिला. लहान झाला, पण जमीन निघाली आत. पुढच्या महिन्यात तिथली हवा बघणार आहेत.”

“मान्सं असतील?”

“माहीत नाही, आबा. हवा असली तरी पुष्कळ झालं.”

त्यांनी बाजूच्या खिडकीची काच खाली केली. “तितं चंद्र हाय का?”

“नसावा. इतक्या जवळून फिरणाऱ्या ग्रहापाशी चंद्र टिकत नाही.”

“म्हंजी अमावास्या न्हाय.”

माझ्या जिभेला हाड नाही. “उलट, आबा. चंद्रच नाही म्हटल्यावर तिथे रोजच अमावास्या.”

बोलले आणि जीभ चावली. आबा मात्र विचारात पडले. टँकरच्या वाफ सोडणाऱ्या नळीतून थंड धूर पाझरत होता, तो उन्हात विरेपर्यंत ते बघत बसले.

“रोजच म्हणतीस?”

“हो.”

“मग रोज काय गाडी दारात लावून भागतंय का त्यांचं?” आबा म्हणाले आणि हसले. मोठ्याने नाही, अगदी थोडंसं, पण हसले. स्वतःच्या त्या आवाजाने दचकून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी मांडीवरचा डबा सावरला. त्यांनी गिअर टाकला आणि गाडी वळणावरून वर काढली.